हातातली नोट खरी की बनावट, हे यंत्राशिवाय कसं ओळखावं? तपासणीचं पेन पुरतं का?

तुम्ही लिहिलंय की निरनिराळ्या देशांच्या नोटा हातात येतात, जवळ यंत्र नसतं, आणि कुणीतरी तपासणीचं पेन घ्यायला सुचवलंय. मी परकीय चलनाच्या काउंटरवर काम करतो, त्यामुळे नोटा पारखणं हे माझं रोजचं काम. पेनपासूनच सुरुवात करतो, कारण त्याच्यावर भिस्त ठेवून फसलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

त्या पेनात आयोडीनचं द्रावण असतं. आपण वापरतो तो साधा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि त्याला बहुधा स्टार्चची खळ दिलेली असते. आयोडीन लागलं की स्टार्च काळानिळा पडतो. नोटेचा कागद मुख्यतः कापसाच्या तंतूंचा असतो, त्यात हा स्टार्च नसतो, म्हणून रेघ फिकट पिवळी राहते. म्हणजे पेन फक्त एवढंच सांगतं की या कागदात स्टार्च आहे की नाही. त्यावर छापलंय काय, कुणी छापलंय, याची त्याला काही खबर नसते. अमेरिकेत बनावट नोटा करणाऱ्यांनी खऱ्या ५ डॉलरच्या नोटांची शाई रसायनाने धुऊन काढली आणि त्याच कागदावर १०० डॉलरची नोट छापली. कागद खरा असल्यामुळे पेन अशा नोटेला बिनदिक्कत पास करतं. उलट कपड्यांना लावायची खळ चुकून लागलेली खरी नोट ते नापास करतं. प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिमरच्या नोटेवर तर त्या रेघेला काही अर्थच नाही. तेव्हा पेनाचे पैसे वाचवा.

आता मूळ मुद्दा. बनावट नोट करणाऱ्याने आपली सगळी मेहनत ती खऱ्यासारखी दिसावी यासाठीच घेतलेली असते. चित्र, रंग, आकडे, सह्या हे सगळं जागच्या जागी असणारच. म्हणून ‘दिसायला तर अगदी तशीच आहे’ हा निकष कामाचा नाही. त्याच देशाची, त्याच किमतीची, त्याच मालिकेची (म्हणजे त्याच रचनेची आणि काळाची) आणि खात्रीची एक नोट शेजारी ठेवा आणि दोघींत फरक कुठे आहे ते शोधा. साम्य शोधायला बसलात तर साम्यच सापडत जाईल. आणि पाहायचं ते चित्राकडे कमी, नोटेच्या अंगाकडे जास्त: कागद कसा आहे, शाई त्यावर कशी बसली आहे, प्रकाश आरपार गेला की काय होतं, तिरकी धरली की काय बदलतं. या गोष्टींची नक्कल करायला महागडी यंत्रं आणि कारखानाच लागतो, त्यामुळे चोर तिथे तोकडा पडतो.

पहिलं काम बोटांचं. युरोपियन मध्यवर्ती बँक लोकांना तीन गोष्टी शिकवते: स्पर्श करा, बघा, तिरकी करा. हा क्रम कुठल्याही देशाच्या नोटेला लागू पडतो. खऱ्या नोटेचा कागद दमदार असतो, बोटांत धरून हलवला की करकर वाजतो. अमेरिकी डॉलरमध्ये ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन असतं, शिवाय लाल आणि निळे बारीक तंतू कागदातच मिसळलेले असतात. ते तंतू नुसते छापलेले आहेत की खरोखर आत रुतलेले आहेत, हे सुईच्या टोकाने कळतं. जपानी येनचा कागद मित्सुमाता नावाच्या झुडपाच्या सालीपासून आणि अबाका या केळीसारख्या झाडाच्या तंतूंपासून करतात, त्याचा स्पर्श डॉलरपेक्षा पुष्कळ वेगळा. अनोळखी चलन पहिल्यांदा हातात घेताना ‘हा कागद मला ओळखीचा वाटत नाही’ एवढ्यावरून नोटेला खोटी ठरवू नका, त्यासाठीच शेजारी खात्रीची नोट हवी.

कागदाहून महत्त्वाची आहे उठावाची छपाई. धातूच्या पत्र्यावर रेषा खोल कोरतात, त्या खाचांत शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्यावर दाबतात. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून बाहेर येतो, म्हणून छापलेली रेघ कागदावर उभी राहते. नखाने हळूच खरवडलं की ती जाणवते. १०० डॉलरच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिनच्या खांद्यावरून बोट फिरवा, भारतीय ५०० च्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून, अशोकस्तंभावरून आणि दोन्ही कडांना असलेल्या पाच-पाच तिरक्या रेघांवरून, नव्या युरोवर डाव्या-उजव्या कडेच्या आखूड रेघांवरून, ब्रिटिश पौंडावर बँकेच्या नावावरून. घरगुती प्रिंटरवर छापलेली नोट इथे सपाट लागते. काही जण मागून ठसा मारून खोटा उठाव आणतात, पण तेव्हा नोट उलटी केली की तिथे खळगे दिसतात आणि उठाव रेघेवर नेमका बसत नाही. फार वापरलेल्या खऱ्या नोटेचा उठाव झिजतो हेही लक्षात ठेवा, म्हणून एकट्या या खुणेवर निकाल देऊ नये.

मग नोट उजेडासमोर धरा. जलचिन्ह म्हणजे कागद बनतानाच त्याची जाडी कमीजास्त करून उमटवलेली आकृती. जाड भाग गडद दिसतो, पातळ भाग उजळ, आणि मधल्या छटा एकमेकींत हळूहळू मिसळत जातात. चेहरा असेल तर गालावरची सावलीसुद्धा मऊ दिसते. बनावट नोटेत ही आकृती बहुतेक वेळा करड्या किंवा पांढऱ्या शाईने छापलेली असते. तिच्या कडा धारदार असतात आणि नोट टेबलावर सपाट ठेवली तरी ती स्पष्ट दिसत राहते. मला आवडणारी एक सोपी चाचणी आहे: नोट काळ्या पृष्ठभागावर ठेवा. खऱ्या जलचिन्हाचे उजळ भाग आता काळवंडतात, कारण कागद तिथे पातळ आहे आणि खालचा काळा रंग वर येतो. छापलेल्या जलचिन्हात हा पालट होत नाही.

त्याच उजेडात सुरक्षा धागा पाहा. तो कागदाच्या आत असतो, काही नोटांत मध्येमध्ये वर डोकावतो. डॉलरमध्ये प्रत्येक किमतीच्या नोटेत त्याची जागा वेगळी असते आणि त्यावर किंमत लिहिलेली असते. ५ ची नोट धुऊन १०० ची केलेल्याचं बिंग इथेच फुटतं: धाग्यावर ५ च असतो, आणि जलचिन्हात फ्रँकलिनचा चेहरा मिळत नाही. १ आणि २ डॉलरच्या नोटांत धागाही नसतो आणि जलचिन्हही नसतं, ते पाहून घाबरू नका.

तिसरी पायरी, तिरकी करणं. फोटोकॉपी किंवा प्रिंटर रंग उतरवू शकतो, रंगाचं बदलणं उतरवू शकत नाही. २०१३ पासून आलेल्या नव्या युरो नोटांवर डाव्या कोपऱ्यातला आकडा हिरव्याचा गडद निळा होतो आणि त्यावरून उजेडाची एक पट्टी वर-खाली सरकते. त्याच वर्षी आलेल्या १०० डॉलरच्या नोटेत निळी पट्टी कागदातच विणलेली आहे. नोट हलवली की तिच्यातल्या घंटा आणि १०० चे आकडे सरकतात, आणि शेजारी छापलेल्या दौतीतली घंटा तांबूसची हिरवी होते. भारतीय ५०० च्या नोटेचा धागा हिरव्याचा निळा होतो. बनावट नोटांवर चकचकीत पट्टी चिकटवलेली असते, ती चमकते, पण चमकण्यापलीकडे काही करत नाही. म्हणून ‘चमकतंय का’ हे पाहू नका, ‘काय बदललं’ ते पाहा. आकृती बदलली पाहिजे, सरकली पाहिजे किंवा रंग पालटला पाहिजे.

पॉलिमर नोटांची गोष्ट थोडी वेगळी. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पहिली अशी नोट काढली, ब्रिटनने २०१६ ते २०२१ या काळात ५ पासून ५० पौंडांपर्यंतच्या सगळ्या नोटा पॉलिमरच्या केल्या. यांत जलचिन्हाऐवजी पारदर्शक खिडकी असते. खिडकी नोटेच्या अंगाचाच भाग असली पाहिजे. तिच्या कडेवरून बोट फिरवताना जोड लागला, किंवा मागून तुकडा चिकटवल्यासारखं वाटलं, तर नोट घेऊ नका.

आता ज्या साधनावर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे ते सांगतो: दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. खऱ्या नोटेची रेघ भिंगाखाली अखंड, एकरंगी आणि धारदार दिसते. चित्रातल्या केसांची प्रत्येक रेघ वेगळी असते, आणि नुसती बारीक रेघ वाटणाऱ्या जागी अक्षरं वाचता येतात. प्रिंटरने छापलेली नोट मात्र भिंगाखाली निळ्या, जांभळट-गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांत विखुरते; हिरवा भाग हिरव्या शाईचा नसून निळे-पिवळे ठिपके शेजारी टाकून केलेला असतो, आणि बारीक अक्षरांचा चिखल झालेला असतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिलात की विसरत नाही. आज घरी गेल्यावर एक खरी नोट आणि तुमच्या प्रिंटरवर छापलेलं कुठलंही रंगीत चित्र भिंगाखाली शेजारी शेजारी पाहा, हा सराव कुठल्याही यादीपेक्षा उपयोगी आहे. नोटेचीच प्रत मात्र सरावासाठीसुद्धा काढू नका, कायद्याच्या कचाट्यात सापडाल.

अतिनील दिवा कामाचा आहे, पण त्याचा अर्थ नीट लावावा लागतो. साध्या कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं असतात, त्यामुळे तो या दिव्याखाली निळसर उजळून निघतो. नोटेचा कागद मंदच राहतो, फक्त ठरावीक तंतू आणि धागे चमकतात. डॉलरच्या धाग्यांचे रंगही ठरलेले आहेत: ५ चा निळा, १० चा नारिंगी, २० चा हिरवा, ५० चा पिवळा, १०० चा गुलाबी. पण खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोटही साबणातल्या त्याच रसायनांमुळे उजळते. अशा नोटेपायी एखाद्या प्रामाणिक माणसाला सगळ्यांसमोर चोर ठरवलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. संशय आला की आवाज न चढवता दुसरी नोट मागावी, एवढं पुरेसं असतं.

अनुक्रमांकाकडेही लक्ष असू द्या. दोन नोटांवर एकच क्रमांक असेल, आणि किंमत, मालिका, छपाईचं वर्ष हेही सगळं सारखंच असेल, तर त्यांतली एक तरी बनावट असण्याची दाट शक्यता. १९२५ मध्ये पोर्तुगालमध्ये आर्तुर आल्व्हेस रेइस याने खोटी अधिकारपत्रं दाखवून लंडनच्या अधिकृत मुद्रणालयाकडूनच ५०० एस्कुदोच्या (एस्कुदो हे पोर्तुगालचं तेव्हाचं चलन) नोटा छापवून घेतल्या होत्या. मुद्रणालय खरं, त्यामुळे बोटांना किंवा डोळ्यांना काही कळणं शक्य नव्हतं; प्रकरण उघडं पडलं ते दुहेरी क्रमांकांमुळे. क्रमांकात ताऱ्याची खूण असली की नोट खोटी, ही अफवा मात्र मनातून काढून टाका. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी घालतात तिच्यावर ती खूण असते. डॉलरवरही असते, रुपयावरही असते, आणि भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये तसा खुलासाही केला होता.

जुन्या मालिकांमुळे नवखा माणूस गोंधळतो. डॉलरमध्ये सुरक्षा धागा १९९० च्या मालिकेपासून आला, जलचिन्ह आणि रंग पालटणारी शाई १९९६ पासून. १९९० च्या मालिकेआधीची नोट अजूनही कायदेशीर आहे, आणि तिच्यात यातलं काहीच मिळणार नाही. तिथे उठाव, कागद आणि भिंग एवढ्यावरच ठरवावं लागतं. खात्री नसेल तर मी तरी अशी नोट बँकेत दाखवूनच घ्या म्हणेन. प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक आपल्या नोटांची चित्रं आणि खुणा संकेतस्थळावर देते. जे चलन तुमच्याकडे वारंवार येतं, त्याच्या खुणा आधी बघून ठेवा; समोर माणूस ताटकळत असताना शोधत बसू नका.

आणि नोट घेतल्यानंतर ती बनावट निघाली तर? तिची भरपाई सहसा कुठेच मिळत नाही, ही कटू गोष्ट आहे, आणि म्हणूनच बरेच जण ती गुपचूप पुढच्याच्या गळ्यात मारतात. तसं करू नका. बनावट आहे हे माहीत असताना ती खपवणं हा जवळपास सगळीकडे गुन्हा आहे, मग तुम्ही स्वतः फसलेले का असेना, आणि फटका बसतो तो बहुधा तुमच्याहून कमी कमावणाऱ्याला. नोट फार हाताळू नका, पाकिटात वेगळी ठेवा, कुणाकडून आणि केव्हा आली ते लगेच लिहून ठेवा, आणि बँकेत किंवा पोलिसांकडे द्या. भारतात बँक अशी नोट जप्त करते, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारते आणि तुम्हाला पोचपावती देते. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवते, पाच किंवा अधिक निघाल्या तर गुन्हा नोंदवला जातो. पोचपावती मागून घ्या आणि जपून ठेवा.