वेबपानावर जावास्क्रिप्टने नवीन एलिमेंट (पानाचा एक भाग) घातलं, पण ट्रान्झिशन, म्हणजे सीएसएसने हळूहळू होणारा बदल, चालतच नाही?

तुमच्या कोडमध्ये मोठी चूक नाही. अपेंडचाइल्डने एलिमेंट पानात जोडल्यावर लगेच पुढच्याच ओळीत ते दिसायला लावणारा 'दिसू-दे' क्लास लावलात, तर ब्राउझर दोन्ही बदल एकत्रच हिशेबात घेतो. आधी ओपॅसिटी शून्य होती, म्हणजे एलिमेंट अदृश्य होतं, हे त्याला कधी कळतच नाही, मग बदल दाखवणार कुठून कुठे?

सर्वात सोपं म्हणजे ट्रान्झिशन सोडा आणि कीफ्रेम्स (सीएसएसमध्येच टप्पे लिहून केलेलं अ‍ॅनिमेशन) वापरा. एलिमेंट पानावर आलं की ते अ‍ॅनिमेशन आपोआप सुरू होतं, जावास्क्रिप्टची गरजच नाही. ट्रान्झिशनच हवं असेल, तर क्लास लावण्याआधी त्या एलिमेंटची ऑफसेटहाइट, म्हणजे पानावरची उंची, कोडमध्ये एकदा वाचा. आलेला आकडा वापरायचा नाही, नुसता वाचायचा. तेवढ्याने ब्राउझरला आधीची स्टाइल मोजावीच लागते. सेटटाइमआउट शून्यावर (क्लास किंचित उशिरा लावण्याच्या युक्तीवर) भरवसा ठेवू नका, कधी चालतं, कधी नाही. २०२४ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये सुरुवातीची स्टाइल सांगणारा सीएसएसचा 'स्टार्टिंग-स्टाइल' नियमही चालतो.

यादीत भर घालताना इनरएचटीएमएलला (एलिमेंटच्या आतल्या मजकुराला) अधिक-बरोबर (+=) लावत असाल, तर आधी ते बंद करा. त्याने यादीतले जुने डिव्ह (एलिमेंट) सुद्धा नव्याने बनतात, त्यामुळे प्रत्येक वेळी अख्खी यादी नाचते आणि त्यांच्यावर लावलेले इव्हेंट लिसनरही (क्लिक वगैरे झाल्यावर चालणारा कोड) जातात.

काढताना उलटा क्रम: क्लास काढा, ट्रान्झिशन संपल्यावर येणाऱ्या ट्रान्झिशनएंड इव्हेंटची वाट पाहा, मग रिमूव्ह. हा इव्हेंट बदलणाऱ्या प्रत्येक प्रॉपर्टीसाठी (ओपॅसिटी वगैरे) वेगळा येतो, म्हणून इव्हेंटमधलं प्रॉपर्टीनेम तपासा. मध्येच डिस्प्ले नन झालं, म्हणजे एलिमेंट पूर्ण लपवलं गेलं, तर तो येतच नाही आणि डिव्ह तसाच पडून राहतो.