घरातला मकतब : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू आला. आम्हालाच नीट येत नाही, मग पोरांना दीन, म्हणजे धर्म, काय शिकवणार? निवडक प्रश्न घेतले आहेत. वऱ्हाड-नागपुराकडचे बहुतेक सुन्नी हनफी मसलकाचे, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या परंपरेचे, आहेत, म्हणून उत्तरं त्याला धरून दिली आहेत. इतर मसलकाच्या वाचकांनी तपशील आपापल्या आलिमांकडून, म्हणजे धर्मपंडितांकडून, पक्का करून घ्यावा.

प्रश्न : माहं पोरगं सात वर्साचं हाय. झेडपीच्या मराठी शाळेत जाते. मकतबात (मुलांच्या दीनी वर्गात) जाऊन दोन वर्सं झाली, पन अजून कायदाच (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) चालू हाय. मले न् त्याच्या अब्बाले अरबी-उर्दू काहीच येत नाही. मराठी अक्षरात छापलेलं नमाजचं पुस्तक आणलं तर चालते का?
— एक आई, दर्यापूर तालुका

उत्तर : आधी मकतबाचा हिशेब पाहा. मगरिबनंतरच्या (सूर्यास्ताच्या नमाजनंतरच्या) एका तासात चाळीस मुलं बसत असतील, तर हाफिजजींच्या, म्हणजे शिकवणाऱ्या उस्तादांच्या, पुढ्यात प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. बाकी वेळ पोरगं इतरांच्या गलक्यात ओठ हलवत असतं. दोन वर्षं रखडण्यामागे बुद्धीपेक्षा हे गणित जास्त असतं. घरी रोज पंधरा-वीस मिनिटं सलग मिळाली, तर कायदा साधारण वर्षाच्या आत संपायला हवा.

तुम्हाला अरबी येत नसलं तरी तपासता येतं. मुलं पान वाचत नाहीत, पानाचं चित्र पाठ करतात. म्हणून कायदा उघडून खालच्या ओळीपासून वर, डावीकडून उजवीकडे, मध्येच कुठेही बोट ठेवा आणि विचारा, “हे कोणतं?” जिथे तो अडतो किंवा आधीची अक्षरं पुटपुटून तिथवर येतो, तिथे सबक, म्हणजे धडा, कच्चा आहे. तेवढ्या जागी पेन्सिलीची खूण करून कायदा हाफिजजींकडे पाठवा. दुसरी खूण कानाने पटते. हिज्जे करताना, म्हणजे जबर-जेर-पेश या स्वरखुणा जोडून वाचताना, मूल थांबत थांबत वाचतं. ते गाण्यासारखं धडाधड म्हणत असेल, तर पाठांतर चाललं आहे असं समजा. आणि नव्या सबकासोबत आमुख्ता, म्हणजे मागचा धडा, रोज ऐका. कायदा बहुतेक ठिकाणी गळतो तो आमुख्त्यापाशी.

मराठी अक्षरातलं पुस्तक अर्थासाठी आणि नमाजचा क्रम समजायला जरूर आणा. त्यावरून सुरा, म्हणजे कुरआनचे अध्याय, पाठ करून घेऊ नका. आपल्या ‘स’मध्ये अरबीतली सीन, साद आणि से ही तिन्ही अक्षरं एक होतात. ‘ज’मध्ये जे, जाल, जाद, जोय या चौघांची सरमिसळ होते. सुरे इखलासचा पहिला शब्द मोठ्या काफने ‘क़ुल’ म्हटला तर अर्थ ‘सांग’, छोट्या काफने ‘कुल’ म्हटला तर ‘खा’. ‘अलीम’ ऐनने म्हटलं तर जाणणारा, हमजाने म्हटलं तर वेदना देणारा. मराठी अक्षराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिला तरी यातलं थोडंच सावरतं, कारण बराचसा फरक घशातला आहे. हमजा, छोटी हे, ऐन, मोठी हे, गैन, खे ही सहा अक्षरं घशातून निघतात आणि तोंडातोंडीच शिकावी लागतात. सातव्या वर्षी बसलेला चुकीचा उच्चार सतराव्या वर्षी काढणं फार जड जातं.

हाफिजजींची परवानगी घेऊन त्या दिवसाचा सबक त्यांच्याच आवाजात मोबाइलवर घ्या. घरी मुलाने आधी तीनदा ऐकायचा, मग म्हणायचा. आणखी एक सांभाळा. हजहून आलेल्या नातेवाइकांनी दिलेला मदिना छापाचा कुरआन कायदा शिकणाऱ्या मुलाच्या हाती इतक्यात देऊ नका. त्यातल्या खुणांची पद्धत आपल्याकडच्या छपाईपेक्षा वेगळी आहे. शेवटच्या ‘ये’खाली नुक्तेसुद्धा नसतात, त्यामुळे येणारं मूलही अडखळतं. मोबाइलवरच्या अनेक ॲपमध्ये तोच छाप असतो.

प्रश्न : अर्थ मराठीत सांगितला तर सासरचे म्हणतात, दीन उर्दूतच शिकवावा. काय करावं?
— एक वाचक, ता. मेहकर

उत्तर : प्रत्येक रसूल, म्हणजे अल्लाहचा प्रेषित, आपल्या लोकांच्या भाषेत पाठवला गेला, असं सुरे इब्राहीमच्या चौथ्या आयतीत, म्हणजे वचनात, आहे. नमाजमधलं पठण अरबीत, समजावणं मुलाला कळेल त्या भाषेत. उर्दू पुढे जरूर शिकवा, तिच्यात मोठं भांडार आहे. पण ती येईपर्यंत अर्थ थांबवून ठेवू नका. सुरे फातेहाच्या सात आयती आहेत, रोज एक घेतली की आठवडा झाला. ‘रब’ शब्दाला नुसतं ‘मालिक’ म्हणून पुढे जाऊ नका. पायरीपायरीने वाढवत पूर्णत्वाला नेणारा, हा त्यातला भाव. पेरलेली तूर दाखवून शेतकऱ्याच्या मुलाला तो लगेच सांगता येतो.

सुरे लुकमानच्या १३ ते १९ या आयतीही याच पद्धतीने घ्या. तिथे बाप मुलाशी बोलतो आहे आणि क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अल्लाहसोबत कुणाला भागीदार करू नकोस, मग आईवडील, मग राईच्या दाण्याएवढं कर्मही लपत नाही हे भान, आणि त्यानंतर नमाज. शेवटी चाल आणि आवाज. आपल्याकडे अनेक घरांत हा क्रम उलटा चालतो, सुरुवातच दरडावण्याने होते.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, नमाज टाळतो. हे मारतात आणि हदीसचा (पैगंबरांच्या वचनाचा) दाखला देतात.
— एक आई, दारव्हा

उत्तर : हदीस अशी आहे की मुलं सात वर्षांची झाली की त्यांना नमाजचा हुकूम करा, दहाव्या वर्षी पढत नसतील तर मारा आणि त्यांचे बिछाने वेगळे करा. दाखला देणारे मधली तीन वर्षं गाळतात. रोज पाच वेळा या हिशेबाने तीन वर्षांत जवळपास साडेपाच हजार वेळा प्रेमाने बोलावून झाल्यावरची ती पायरी आहे. तिलाही हनफी फकीहांनी, म्हणजे धर्मनियमांच्या जाणकारांनी, बांध घातला आहे. काठी नाही, चेहऱ्यावर नाही, तीन चापट्यांच्या वर नाही. आमचं स्पष्ट मत असं की ज्या घरात हात उचलायची वेळ येते, तिथे ती तीन वर्षं बहुधा रिकामीच गेलेली असतात. माराने मूल बापासमोर पढतं, बाप वावरात गेला की सोडतं.

तुमच्याकडे आता सुरुवात मगरिबपासून करा. त्या वेळी सगळे शेतातून घरी आलेले असतात आणि फर्ज, म्हणजे सक्तीच्या, तीनच रकात (नमाजच्या फेऱ्या) आहेत. महिनाभर तेवढीच, पण एकही चुकू न देता, आणि वडिलांनी सोबत उभं राहून. सुरे ताहाच्या १३२व्या आयतीत घरच्यांना नमाजचा हुकूम करण्यासोबत स्वतः त्यावर टिकून राहा असंही आहे. मग इशा (रात्रीची), मग सुट्टीच्या दिवशी जुहर (दुपारची) आणि असर (दुपारनंतरची), आणि फज्र (पहाटेची) सर्वांत शेवटी. फज्रपासून सुरू करणारे पालक पंधरा दिवसांत थकतात. पाठ करायला सना (नमाजच्या सुरुवातीची स्तुती), फातेहा, सुरे कौसर (तीनच आयती) आणि रुकू-सजद्याच्या (वाकताना आणि माथा टेकताना म्हणायच्या) तस्बीह आधी घ्या. अत्तहियातला (बसून म्हणायच्या पाठाला) सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती तीन तुकड्यांत द्या. मुलीलाही हेच. तिला आईच्या बाजूला जानमाजवर जागा हवी, दाराआडून बघत शिकणं पुरेसं होत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या गावात नळ चार-पाच दिवसांआड येतो. मुलं वजूला (नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला) बादल्या ओततात.
— एक वाचक, बाळापूर तालुका

उत्तर : पैगंबर (स.) एका मुदभर पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, वजू करत. मुलाला लिटरभराचा लोटा भरून द्या आणि तो पुरवायला सांगा, खेळासारखं शिकतात. वजूत फर्ज चारच आहेत. चेहरा, कोपरांसह हात, डोक्याच्या चौथ्या भागावर मसह (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांसह पाय. मनगटापर्यंत हात धुणं, चूळ, नाकात पाणी आणि तीनतीन वेळा धुणं ही सुन्नत (पैगंबरांची रीत). तीनच्या वर गेलं की नासाडी. मुलांचं चुकतं ते कोपराच्या मागे आणि टाचेवर, तिथे कोरडं राहतं. वावरातून आलेल्या पायांची काळी माती आधी घासून काढावी. मेंदीचा रंग चालतो. नखांवरच्या नेलपॉलिशचा थर, वाळलेलं कणकेचं पीठ, ऑइलपेंट चालत नाही, कारण पाणी खाली पोचत नाही.

प्रश्न : आमच्या घरात सोनं नाही, बँकेत शिल्लक नाही. मुलांना जकात (मालातून द्यायचा धार्मिक हिस्सा) कशावरून शिकवू?
— एक कोरडवाहू शेतकरी, मंगरूळपीर

उत्तर : खळ्यावरून. शेतमालाची जकात म्हणजे उश्र, आणि सुरे अनआमच्या १४१व्या आयतीत कापणीच्या दिवशीच त्याचा हक देण्याचा हुकूम आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, मोटारीने किंवा विकतच्या पाण्याने भिजवलेल्याचा विसावा. सोयाबीन वीस कट्टे झालं तर कोरडवाहूत दोन कट्टे, विहिरीवर एक. दोन्हीकडून पाणी असेल तर जास्त ज्याने भिजलं ते धरतात. हे कट्टे मुलालाच मोजू द्या आणि वेगळे ठेवायला लावा. ओलितात हिस्सा निम्मा का, हे त्याला विचारा. मोटारीचं बिल पाहिलेलं पोरगं स्वतःच सांगेल. कापूस टप्प्याटप्प्याने येतो, म्हणून प्रत्येक वेचणीचं वजन मुलाकडून वहीत लिहून घ्या, नाहीतर शेवटी अंदाजपंचे होतं.

इमाम अबू हनीफांच्या मते थोड्या मालावरही उश्र आहे आणि बी-बियाणं, खत, मजुरी वजा होत नाही. भारतातल्या जमिनींवर तो लागू होतो का, यावर मात्र उलेमांत (आलिमांत) मतभेद आहेत. तेव्हा डोक्यावर पीककर्ज असताना आधी तालुक्याच्या मुफ्तींना (धार्मिक निर्णय देणाऱ्या आलिमांना) विचारा.

ईदआधीचा सदका-ए-फित्र (दान) तर लहानग्यालाही समजतो. माणशी सुमारे पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. निसाब, म्हणजे ठरावीक मालमत्ता, असलेला बाप नाबालिग (वयात न आलेल्या) मुलांचाही देतो. रक्कम कागदावर लिहिण्याऐवजी एकदा गहू तराजूत घालून दाखवा.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. पाळीबद्दल दीनी गोष्टी कधी आणि कशा सांगाव्या? मला माझ्या अम्मीने काहीच सांगितलं नव्हतं.
— एक आई, अचलपूर

उत्तर : आत्ताच, पाळी यायच्या आधी. न सांगितल्याने मुली पाळीतही लाजेपायी सहरीला (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठतात आणि दिवसभर उपाशी राहून रोजा असल्याचं दाखवतात. तिला एवढं पक्कं सांगा. हैज (पाळी) किमान तीन दिवस, जास्तीत जास्त दहा. त्या काळातल्या नमाजा माफ, त्यांची कजा (नंतर भरपाई) नाही. रमजानचे रोजे नंतर भरायचे, म्हणून सुटलेल्यांची संख्या कॅलेंडरवर टाकून ठेवायची. त्या दिवसांत कुरआनला हात लावायचा नाही, पण दुआ, दुरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), जिक्र (अल्लाहचं स्मरण) चालतं. दिवस संपले की गुस्ल, म्हणजे शुद्धीचं स्नान. त्यात फर्ज तीन, चूळ भरणं, नाकात पाणी घेणं आणि अंगाचा केसाएवढाही भाग कोरडा न ठेवणं. घट्ट वेणी सोडायची गरज नाही, मुळाशी पाणी पोचलं पाहिजे. दहा दिवसांच्या पुढे गेलं किंवा फार जास्त जात असेल तर तिला डॉक्टरीणबाईंना दाखवा. मुलांना एहतेलाम (झोपेत वीर्य जाणं) आणि गुस्लचं वडिलांनी सांगायचं. ते सांगणार नसतील तर मामा किंवा मोठा भाऊ. मित्रांकडून कळतं ते अर्धवट.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा रोजा ठेवायचा हट्ट धरतो.
— एक वाचक, वरोरा

उत्तर : रोजा बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, फर्ज नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो ऐन मे-जूनच्या उन्हात आला होता, आता थंडीकडे चालला आहे. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन सुरू होतील. सवयीला हीच वर्षं बरी. पहिल्या वर्षी जुहरपर्यंत, मग असरपर्यंत, मग आठवड्यातून एक पूर्ण. सहरीत लोणचं-चिवडा नको, भाकरी, दही आणि केळं बरं. चक्कर, डोकं दुखणं किंवा दुपारभर लघवी न होणं दिसलं तर लगेच पाणी द्या. नाबालिगाने मध्येच सोडला तर कजा नाही, कफ्फारा (प्रायश्चित्त) नाही. रोजाकुशाईच्या (मुलाच्या पहिल्या रोजाच्या समारंभाच्या) फोटोसाठी पाहुण्यांसमोर त्याला मगरिबपर्यंत ताणू नका.