गण्या ‘मी’ म्हणत नाही

प्रिय,

तुझा फोन आला तेव्हा मी आपल्या बोलक्या बाहुल्याच्या, गण्याच्या जबड्याचं रबर बदलत होतो, म्हणून धड बोलणं झालं नाही. वाढदिवसांचे कार्यक्रम मिळायला लागलेत, पण ‘तुमचे ओठ हलतायत’ असं पोरं तोंडावर सांगतात, ही तुझी तक्रार. आता सावकाश लिहितो. यात माझं थोडं आहे, बाकी सगळं काकांचं.

आधी ओठांचं. आरशासमोर बसून प, फ, ब, भ, म म्हणून बघ. ओठाला ओठ लागल्याशिवाय निघत नाहीत. क्लृप्ती सगळेच शिकवतात: ब च्या जागी जीभ दातांमागे दाबून द काढायचा, म च्या जागी न. पण मग बाबांचा दादा होतो आणि मामाचा नाना. काका म्हणायचे, जीभ झिजवण्यापेक्षा संहिता घास. आई, आजी, ताई, दादा हे सगळे बिनओठांचे. पोपट नको, राघू घे.

खरी अडचण पुढे आहे. मी, मला, माझं, सगळं म नेच सुरू होतं. म्हणजे मराठी बाहुल्याला स्वतःबद्दल बोलताच येत नाही! काकांनी त्यावर साधा उपाय काढला: गण्या स्वतःला गण्याच म्हणतो. ‘गण्याला लाडू दे.’ ‘गण्याला कळत नाही.’ दोन-अडीच वर्षांची पोरं अशीच बोलतात, त्यामुळे समोरच्यांना तो आपला धाकटा भाऊ वाटतो. नावही त्यासाठीच गण्या. बंड्या ठेवलं असतं तर रोज ओठ चावत बसावं लागलं असतं.

पण ओठांचा फार धसका घेऊ नकोस. बाहुला बोलतो तेव्हा तू त्याच्याकडे बघ, पोरंही तिकडेच बघतात. तुझी नजर प्रेक्षकांकडे वळली की संपलं.

पहिल्या रांगेतलं एखादं पोर बाहुल्याला घाबरून भोकाड पसरतंच. अशा वेळी आईबाप त्याला बळेच पुढे ढकलतात. काका गण्याची मान फिरवून त्याला स्वतःच्या खांद्यामागे लपवायचे आणि गण्या तिथून कुजबुजायचा, ‘हा दादा रागीट आहे का?’ आपल्याला कुणीतरी घाबरतंय हे कळलं की ते पोर रडं विसरून डोळे पुसायचं. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि तरी माझ्याकडून ते निम्म्याच वेळा जमतं.

इस्त्रीचा कोट घालायचा, अर्धा तास आधी पोचायचं, हे त्यांचे नियम तुला जुनाट वाटतील. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिटिल थिएटर सुरू केलं, ते मुलांची नाटकं मोठ्या नटांनी, पूर्ण नेपथ्यानिशी करायची म्हणून. काका त्याच पिढीचे. पोरांसमोर जाताना ढिसाळपणा त्यांना खपायचा नाही. आपल्याकडे बोलक्या बाहुल्या म्हटलं की लोकांना पाध्यांचा अर्धवटराव आठवतो, १९१६ सालचा. त्याच्याशी तुलना होईल. होऊ दे.

आता माझी एक चूक सांगतो. गणेशोत्सवात एका मंडळापुढे मी एकटाच उभा होतो, काका मागे खुर्चीवर. पुढे आलेल्या दातांचा एक मुलगा समोर बसला होता. गण्याने त्याच्या दातांवरून काहीतरी टोमणा मारला आणि मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. तो मुलगाही हसला. थोड्या वेळाने बघतो तर त्याची जागा रिकामी. परतीच्या एसटीत काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, ‘गण्या तुझी हवी तेवढी टिंगल करेल, करू दे. पण मघाशी गण्या नाही बोलला. तू बोललास.’ पुढे उतरेपर्यंत एक शब्द नाही. यजमान हळूच कानात सांगतात, ‘त्या जाड्याची जरा खेचा.’ हसून मान डोलवायची आणि विसरून जायचं.

पैशांचं फोनवर बोलू. अर्धे आधी घ्यायचे, एवढं तूर्त लक्षात ठेव.

कार्यक्रम संपला की काका गण्याला कधी ट्रंकेत कोंबत नसत. आधी डोळ्यांची कळ ओढून पापण्या मिटवायच्या, मग आडवा करून त्याच्यावर टॉवेल. पोरं टाचा उंचावून बघायची, आवाज न करता. काका गेल्यानंतर काकूंनी ती ट्रंक माझ्याकडे दिली. टॉवेल तोच होता, धुतलेला.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम एका शाळेत होता, जिथे काका दरवर्षी जायचे. मध्येच एक मुलगी उठून म्हणाली, ‘गण्याचे ते दुसरे काका कुठेत?’ माझा अंगठा दोरीवर होता. गण्या सहज म्हणाला असता, ‘काका गेले गाडीने.’ शब्दही सगळे बिनओठांचे. मी दोरी सोडली, गण्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हणालो, ‘ते वारले. मला पण आठवण येते त्यांची.’

तिने थोडा विचार केला. ‘मग गण्याला कोण झोपवतं?’

‘मी,’ म्हटलं.

रविवारी येणार असशील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन ये. बाजारातलं रबर महिनाभरही टिकत नाही.