कोड लिहिणाऱ्यांचा अभ्यास : संशोधनाची वाट आणि प्लेसमेंट

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपली मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील काही अँड्रॉइड ॲप्समध्ये नोंदवलेल्या बगचा, म्हणजे कोडमधील चुकांचा, अभ्यास करण्याचा प्रकल्प तिच्या प्राध्यापकांनी तिला दिला आणि त्यात ती इतकी रमली की आता प्लेसमेंटला न बसता याच विषयात संशोधन करायचे म्हणते, असे आपण लिहिले आहे. दुसऱ्याने लिहिलेला कोड मोजत बसणे ही अभियांत्रिकी आहे की नुसती हिशेबनिशी, आणि एआय कोड लिहू लागल्यावर या विषयात उरणार तरी काय, या आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत.

आधी विषयाची ओळख करून देतो. २००५ साली कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन आले आणि २००८ साली गिटहब. त्याच वर्षी ॲपल व अँड्रॉइड या दोघांचीही ॲप-दुकाने उघडली. त्यामुळे कोणत्या प्रोग्रामरने कोणती ओळ केव्हा बदलली, बदलताना काय कारण दिले, सहकाऱ्यांनी त्यावर काय आक्षेप घेतले आणि वापरणाऱ्यांनी त्या ॲपला काय नावे ठेवली, याची प्रचंड नोंद जगापुढे खुली झाली. अशा नोंदींतून निष्कर्ष काढणाऱ्या संशोधकांचा पहिला मेळावा तर त्याआधीच, २००४ साली एडिंबरा येथे झाला होता आणि आज ती दरवर्षी भरणारी नावाजलेली परिषद आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय परिषद २०१४ साली हैदराबादला झाली होती, तेव्हा हा विषय आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे असेही नाही.

हिशेबनिशीच्या शंकेला एका गाजलेल्या प्रकरणातून उत्तर देता येईल. २०१४ साली काही संशोधकांनी गिटहबवरील ७२९ प्रकल्प आणि १७ प्रोग्रामिंग भाषा घेऊन, भाषेच्या निवडीचा बगच्या प्रमाणाशी संबंध असतो का, हे तपासले आणि संबंध अल्प असला तरी तो आहे, असे मांडले. हा निष्कर्ष सगळीकडे उद्धृत होऊ लागला. २०१९ साली दुसऱ्या एका गटाने तोच डेटा पुन्हा तपासला, तेव्हा त्यातील बरेचसे दावे टिकले नाहीत. टाइपस्क्रिप्ट ही भाषा जाहीर झाली २०१२ साली, पण डेटामध्ये तिच्या नावावर त्याच्या कितीतरी आधीचे कमिट, म्हणजे कोडमधील बदलांच्या नोंदी, होते. कारण टाइपस्क्रिप्टच्या फाइलींच्या नावाच्या शेवटी जे एक्स्टेन्शन असते तेच ॲप बनवण्याच्या क्यूटी या साधनातील भाषांतराच्या फाइलींनाही असते आणि मोजणाऱ्या प्रोग्रामला तो फरक कळला नव्हता. शिवाय कमिटच्या संदेशात ठरावीक शब्द आढळला की तो बग-दुरुस्तीचा कमिट मानला होता आणि त्यांतले बरेचसे कमिट दुरुस्तीचे नव्हतेच. आकडेशास्त्र दोन्ही गटांना येत होते. फरक पडला तो दुसऱ्या गटाने फाइली उघडून पाहिल्या म्हणून. या विषयाचा कस तिथे लागतो, आणि ज्यांना ते काम कंटाळवाणे वाटते त्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एआयबद्दल बोलायचे तर, त्यामुळे या अभ्यासाची गरज वाढली आहे. २०२५ साली मेटर या अमेरिकन संस्थेने ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच प्रकल्पांतील २४६ कामे दिली आणि कोणत्या कामात एआय वापरू द्यायचे हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत अशी की, काम संपल्यावरही आपला वेळ सुमारे २० टक्के वाचला असेच त्यांना वाटत होते. सोळाच माणसे होती, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. पण साधनांवर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या कंपन्यांना असे मोजून सांगणारी माणसे लागणारच.

आता निर्णयाविषयी. तिला अडवू नका, आणि प्लेसमेंटही सोडू देऊ नका. त्याऐवजी एक काम तिला सुचवा. तिच्या प्रकल्पातील शंभर बग तिने आणि एका मैत्रिणीने एकमेकींना न विचारता स्वतंत्रपणे वाचून त्यांचे प्रकार ठरवावेत, मग दोघींचे कुठे जुळले नाही ते पाहून प्रत्येक मतभेदाचे कारण लिहून काढावे. महिनाभर हे केल्यावरही तिची उत्सुकता शाबूत असेल तर तिची आवड खरी समजावी. संशोधन म्हणजे सुंदर आलेख, अशी समजूत असेल तर तीही त्या महिन्यात फिटेल.

तिला पुढे स्वतःचा विषय हवा असेल तर एक सुचवतो. ॲपखालच्या अभिप्रायांवरचे बरेचसे संशोधन इंग्रजी मजकुरावर झाले आहे. आपल्याकडचे लोक मात्र रोमन लिपीत अर्धी मराठी, अर्धी हिंदी लिहून तक्रार करतात. ती तक्रार नेमकी कोणत्या बगची आहे हे ओळखणे मराठी घरातल्या मुलीला जितके सहज जमेल तितके परदेशातील संशोधकाला जमणार नाही.

पैशाचा प्रश्न आपण संकोचाने विचारला आहे, पण तो विचारायलाच हवा. गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि घरभाडे भत्ता वेगळा. नोकरीतल्या वर्गमित्रांच्या पगाराशी तुलना केली तर काही वर्षे ती मागेच राहील, हे घरात आताच बोलून घ्यावे. हैदराबादच्या ट्रिपल आयटी (आयआयआयटी) या संस्थेत संशोधनाधारित एम.एस. आहे आणि तिथे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे स्वतंत्र केंद्रही आहे. आपल्या पुण्यात टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ पासून आहे. एक-दोन वर्षे नोकरी करून मग संशोधनाकडे वळणेही चुकीचे नाही. ज्याने डेडलाइनखाली कोड लिहिला आहे त्याला प्रोग्रामरांच्या नोंदी अधिक चांगल्या वाचता येतात.

गेट तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही देता येते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणजे प्लेसमेंटचा हंगामही त्याच सुमारास येतो. दोन्हींची तयारी एकत्र करावी लागेल. संशोधनासाठी संख्याशास्त्राचा एक ऐच्छिक विषय तिने पुढच्या सत्रात घ्यावा, आणि प्रकल्पाचे प्राध्यापक तिला संशोधन-निबंध लिहायला मदत करण्यास तयार आहेत का, हे तिने स्वतः जाऊन विचारावे. ते आपण विचारू नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक