ठेव मोडून पायलट लायसन्स करावं का?

बेळगावजवळच्या मुतग्याचे एक वाचक लिहितात: वय 39, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, हातात महिना 72 हजार. मुलगी दहावीत. सौहार्द सहकारी सोसायटीत 9 लाखांची ठेव. सांबरा विमानतळावरची ट्रेनिंगची विमानं रोज घरावरून जातात, लहानपणापासूनची हौस आहे. ठेव मोडून प्रायव्हेट पायलट लायसन्स करावं का? पुढे त्यातून कमाईही होईल.

कमाईचं आधी बोलू, कारण सगळा हिशोब तिथेच फिरतो. या लायसन्सवर पैसे घेऊन विमान उडवता येत नाही. त्यासाठी कमर्शियल लायसन्स लागतं: 200 तासांचं उड्डाण, बारावीला फिजिक्स-मॅथ्स, आणि खर्च तुमच्या ठेवीच्या कित्येक पट. तेव्हा ही गुंतवणूक नाही, शुद्ध हौस आहे. हौसेला माझी हरकत नाही, पण ती लेकीच्या पीयूसी (अकरावी-बारावी) आणि पुढच्या कॉलेजच्या पैशांतून नको.

तुम्ही कळवलेला दर तासाला 14 हजार. लायसन्सला लागणाऱ्या किमान 40 तासांचे झाले 5 लाख 60 हजार. हे किमान हं. नोकरी सांभाळून फक्त रविवारी उडणाऱ्याला 55 तास सहज लागतात, म्हणजे 7 लाख 70 हजार. त्यावर मेडिकल, ग्राउंड क्लास, परीक्षा, हेडसेट. ठेव संपलीच म्हणा.

त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर ढग इतके खाली येतात की बाहेर बघून उडणाऱ्या नवशिक्याचं विमान आठवडेच्या आठवडे जमिनीवर राहतं. मध्ये खंड पडला की तेच टेक-ऑफ, तेच लँडिंग पुन्हा गिरवायचं, आणि मीटर चालू. म्हणून दसऱ्याच्या सुमारास सुरू करून पुढच्या पावसाआधी संपवता येईल एवढी रजा आणि एवढे पैसे हाताशी असतील, तरच हात घाला. ‘सगळी फी आज भरा, सूट देतो’ म्हणाले तरी दहा-दहा तासांचेच पैसे भरा. लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, तास चढले की पुढचा हप्ता. मध्येच सोडलं तर परत किती मिळणार, ते लेखी घ्या.

माझं मत: ठेव मोडू नका. मात्र मुदत संपली की ती सोसायटीतून बँकेत हलवा, दोन बँकांत वाटून. बँकेत 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सोसायटीतल्या ठेवीला ते नाही. हा तुमचा प्रश्न नव्हता, पण मला विमानापेक्षा याचीच काळजी जास्त वाटली.

हौसेसाठी वेगळी आरडी काढा. महिना 15 हजार धरले तर चार वर्षांत व्याजासह आठ लाखांच्या आसपास जमतील. उड्डाणाचा दर वाढेल, ती तूट दिवाळीच्या बोनसमधून भरा. तुम्ही तेव्हा 43 चे असाल. या लायसन्सला कमाल वयाची अट नाही, अट मेडिकलची. म्हणून या लायसन्सला लागणारी क्लास टू मेडिकल तपासणी आत्ताच, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडून करून बघा. रंग ओळखण्यात दोष निघाला तर आरडी काढण्याआधीच कळेल. हवामान, नेव्हिगेशन, हवाई नियम यांची पुस्तकं घरी वाचायला तर आजपासून सुरुवात करता येईल.

आणि विमा. बहुतेक अपघात पॉलिसींत प्रवासी म्हणून केलेला विमानप्रवास चालतो, स्वतः उडवणं वगळलेलं असतं. पहिल्या उड्डाणाआधी टर्म (आयुर्विमा) आणि अपघात, दोन्ही विम्यांच्या कंपन्यांना लेखी कळवून उत्तर मागवा. जादा हप्ता सांगितला तर तोही आरडीच्या हिशोबात धरा.