तळपायाला कूलंट कसं लागेल?

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यापुढे येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, गाभा तोच. "मॅडम, मध्ये जरा त्रास झाला होता, आता काहीच नाही. मग तपासणी करायची गरज आहे का? आणि केली तर कुणाला कळेल का?" पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो, दुसरा आवाज उतरवून.

एका माणसाची गोष्ट सांगते, उत्तर त्यातच येईल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि त्याला महेश म्हणू.

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी समुपदेशक आहे. माझ्या दारावर पाटी आहे, 'सुरक्षा क्लिनिक'. लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यांना देशभर हेच नाव दिलंय, म्हणजे आत शिरणाऱ्याचा बोभाटा होऊ नये. हेतू चांगलाच आहे. फक्त वर्षातून एखादा तरी माणूस सिक्युरिटी गार्डच्या नोकरीसाठी बायोडेटा घेऊन येतो. गुरुवारी आमच्याकडे गर्दी असते, कारण एमआयडीसीला सुट्टी.

अशाच एका गुरुवारी, गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील, महेश आला. सत्तावीस वर्षांचा, सीएनसी मशीनवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर, ऑपरेटर. खरं तर तो माझ्याकडे आलाच नव्हता. हातावरचे डाग दाखवायला स्किनच्या ओपीडीत गेला होता, तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवर दोन शब्द खरडून इकडे पाठवलं.

"कूलंटची अ‍ॅलर्जी आहे मॅडम," खुर्चीत बसायच्या आधीच त्याने सांगून टाकलं. कूलंट म्हणजे धातू कापताना मशीन गार ठेवायला सोडतात ते द्रावण. "दिवसभर हात त्यातच असतात. आमच्या शॉपवर निम्म्या पोरांना होतं."

हात उताणे करून दाखवले. दोन्ही तळव्यांवर तांबूस-तपकिरी डाग, मसुराच्या डाळीएवढे. खाज सुटते का? नाही. दुखतात? नाही. कूलंटने हात कसे फुटतात, सालपटं कशी निघतात, रात्री खाजवून कसा जीव जातो, हे या भागात इतकी वर्षं काढून मलाही पाठ झालंय. हे तसं दिसत नव्हतं.

"बूट काढता का जरा?"

त्याला चमत्कारिक वाटलं, पण काढले. मोजेही काढले. तळपायांवर तेच डाग.

"तळपायाला कूलंट कसं लागेल?"

बराच वेळ तो स्वतःच्या पायांकडे बघत बसला. मग म्हणाला, "उष्णता असेल."

या उष्णतेने आमच्या कामाची फार खोटी केली आहे. मला संशय होता तो सिफिलिसचा, संबंधातून होणाऱ्या आजाराचा. त्याला मराठीत जुनं नाव 'गरमी', पुस्तकी नाव उपदंश; गोनोरिया या तसल्याच दुसऱ्या आजाराला परमा. आजच्या पोरांना यातलं एकही नाव ठाऊक नसतं. मागे उरली ती नुसती उष्णता. खाली फोड आला, लघवीला जळजळ झाली, अंगावरून पांढरं गेलं, की सगळं तिच्या खाती. मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, उसाचा रस. जे आपोआप जायचं ते काही दिवसांनी जातं आणि श्रेय सब्जाला मिळतं.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. मे महिन्यात तो मित्रांबरोबर फिरायला गेला होता. तिथे एकदा संबंध आला, कंडोम नव्हता. तीनेक आठवड्यांनी लिंगावर एक व्रण उठला. "एकच होता, आणि दुखत नव्हता. म्हणून मनावर घेतलं नाही." मेडिकलमधली गर्दी ओसरायची वाट बघून त्याने दुकानदाराला विचारलं. दुकानदाराने एक ट्यूब आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात व्रण गेला, आणि विषय संपला असं त्याने धरलं.

मला कधीकधी वाटतं, हा व्रण दुखायला हवा होता. सिफिलिसचा पहिला व्रण संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो, पण दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत कधीही येऊ शकतो. बहुतेकदा दुखत नाही. बाईच्या बाबतीत तो आत, दिसणारच नाही अशा जागी असू शकतो. आणि तीन ते सहा आठवड्यांत तो स्वतःहून भरून येतो, ट्यूब लावा नाहीतर लावू नका. जंतू मात्र तोवर रक्तात पसरलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं. तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही, आणि काही जणांच्या बाबतीत पुढे हृदय, मेंदू, डोळे. 'बरं झालं' या दोन शब्दांनी माझ्याकडच्या लोकांचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं लाजेनेही केलं नसेल.

"हे अजून असतं का मॅडम? मला वाटलं जुन्या काळातला रोग."

औषध जुनं आहे, त्याला म्हटलं. १९४३ सालापासून सिफिलिसवर पेनिसिलिन वापरतात आणि ते आजही चालतं. तरी रोग वाढतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली १५ ते ४९ वयोगटात सिफिलिसचे ७१ लाख नवे रुग्ण होते, २०२२ साली ८० लाख. सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या बऱ्या होणाऱ्या चार लैंगिक संसर्गांचे मिळून जगात रोज दहा लाखांहून जास्त नवे रुग्ण होतात. वाढ का, याची कारणं प्रत्येक देशात थोडी वेगळी आहेत. माझ्या टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते असं, की एड्सचा धसका ओसरला, ते औषधांमुळे आणि चांगलंच झालं, पण त्या धसक्याबरोबर कंडोमही गेला. 'ती मुलगी चांगल्या घरची होती' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मान हलवायचीही विसरते.

मग त्याचा दुसरा प्रश्न आला, तो हळू आवाजातला, कामगार विम्याचा. "ईएसआयमधून कंपनीला कळेल का?"

नाही. एचआयव्हीच्या चाचणीला तर कायद्याचंच कुंपण आहे. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला; नीट समजावून तुमची संमती घेतल्याशिवाय चाचणी नाही, आणि ठरावीक अपवाद सोडले तर तुमच्या परवानगीशिवाय निकाल कुणाला सांगायचा नाही. नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही. सिफिलिसचा रिपोर्टही आमच्याकडे तुमच्याच हातात पडतो. नमुन्यावर नंबर असतो, तपासणी फुकट, आणि यायची हिंमत होत नसेल त्याने आधी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोलावं.

त्याने फॉर्म दोनदा वाचला आणि सही केली. एचआयव्ही निगेटिव्ह आलं. मे महिन्याला तीन महिने उलटून गेले होते, म्हणून त्या प्रसंगापुरता त्या निकालावर भरवसा ठेवता येत होता. सिफिलिसची आरपीआर चाचणी पॉझिटिव्ह, १:६४. म्हणजे रक्त चौसष्ट पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते. पुढची खात्रीची तपासणीही पॉझिटिव्ह आली.

"तेव्हाच आलो असतो तर?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'लवकर तपासा' म्हणताना आम्ही दिवस सांगत नाही. गोनोरिया पुरुषात बहुधा दोन ते सात दिवसांत पू आणि जळजळ दाखवतो, तेव्हा त्याच आठवड्यात या. सिफिलिसचा व्रण दिसला की त्याच दिवशी या. रक्ताच्या तपासणीत दिसायला त्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी पुन्हा बोलावतो. आमच्याकडच्या एचआयव्ही चाचणीचा तीन महिन्यांनंतरचा निकाल पक्का धरतात. पण धोका मोठा वाटत असेल तर थांबायचं मुळीच नाही, कारण एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात. त्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतात, पण त्यांना ठरवायला वेळ तर हवा. आणि एक, 'फुल बॉडी चेकअप'चा रिपोर्ट घेऊन निर्धास्त होऊ नका. गोनोरिया आणि क्लॅमिडिया शोधायला लघवी किंवा आतला स्वॅब लागतो, त्या पॅकेजमध्ये ते सहसा नसतंच.

आमच्याकडे औषधांची किटं रंगावरून ओळखतात. राखाडी स्रावासाठी, लाल नागिणीच्या जातीच्या फोडांसाठी, पांढरं व्रणासाठी. महेशसाठी डॉक्टरांनी पांढऱ्या किटातलं पेनिसिलिन काढलं. आधी हातावर टेस्ट डोस, अर्धा तास थांबवलं, मग २४ लाख युनिट, निम्मं एका कमरेत, निम्मं दुसऱ्या. ते इंजेक्शन दुखतं, आम्ही खोटं सांगत नाही. "रात्री थंडी वाजून ताप येईल, अंग मोडून येईल. ती अ‍ॅलर्जी नाही, जंतू मरताहेत. घाबरू नका," असं बजावून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मेसेज, "आला होता. गेला."

वैद्यकीय भाग इथे जवळजवळ संपतो. अवघड पुढे होतं. साखरपुडा जूनमध्ये झाला होता, लग्न मार्गशीर्षात. आणि साखरपुड्यानंतर दोघं भेटत होते, नुसते भेटत नव्हते.

"थॅलेसेमियाची तपासणी सांगून आणतो तिला," तो म्हणाला. "लग्नाआधी करतातच ना."

मी नाही म्हटलं. रक्त तिचं आहे, संमती तिची. कशासाठी घेतोय हे तिला ठाऊक नसेल तर मी फॉर्म भरणार नाही. तो चिडला. "लग्न मोडलं तर तुम्ही जबाबदार का?" नाही, म्हटलं. मग आम्ही वाक्यं घोटली, खरंच, शाळेत कविता घोटतात तशी. "मे महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. त्यातून मला आजार झाला, उपचार घेतलाय. तुलाही तपासावं लागेल." तिसऱ्या वाक्याशी तो दर वेळी अडकायचा.

नऊ दिवस गेले. रोज 'उद्या सांगतो'. त्या नऊ दिवसांत मला दोनदा तरी वाटलं की थॅलेसेमिया चाललं असतं; निदान तिचे दिवस वाया गेले नसते. आजही मला त्याचं नक्की उत्तर देता येत नाही.

दहाव्या दिवशी ती आली. पतसंस्थेत नोकरीला, हाफ डे टाकून. तो सोबत होता. तिने पर्स मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "याला बाहेर बसायला सांगा."

दार लागल्यावर पहिलं वाक्य, "मला तर काहीच होत नाहीये. मग इंजेक्शन मला कशाला?"

तिचा प्रश्न रास्त होता. तिची चाचणीही निगेटिव्ह आली. तरीही डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं, कारण सिफिलिस असलेल्या जोडीदाराशी गेल्या नव्वद दिवसांत संबंध आला असेल, तर संसर्ग अंगात असूनही रक्तात दिसायला अवकाश असू शकतो. दिसेपर्यंत थांबण्यापेक्षा आत्ताच मोडून टाकायचा. बायकांच्या बाबतीत हे जास्तच खरं. क्लॅमिडिया आणि गोनोरिया कित्येक बायकांना काही जाणवूच देत नाहीत, आणि गर्भनलिका बंद झाल्याचं कळतं ते मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर.

"हे बाळाला होतं?"

होतं, उपचार झाला नाही तर. २०२२ मध्ये जगात सुमारे सात लाख बाळांच्या बाबतीत ते झालं. म्हणूनच गरोदरपणात पहिल्या महिन्यांतच एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही तपासतात. वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं.

तिने इंजेक्शन घेतलं. बाहेर जाताना त्याच्याशी बोलली नाही, पण त्याच्याच गाडीवर बसली.

तीन महिन्यांनी ती फेरतपासणीला आली, एकटी. मार्गशीर्ष संपला होता. लग्नाचं मी विचारलं नाही, ते माझ्या फॉर्मवर नसतं. रिपोर्ट निगेटिव्ह. तो आदल्याच आठवड्यात येऊन गेला होता.

"त्याचा आकडा किती आला?" तिने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. त्यांनाच विचारा."

"विचारते," ती म्हणाली, आणि हेल्मेटचा पट्टा लावत उठली.