विद्युतऋणता ‘ऋण’, मग आकडा धन कसा?

अकरावी विज्ञानातल्या एका मुलीचा प्रश्न आलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. ती विचारते, ‘‘सर, विद्युतऋणता ऋण असेल तर फ्लोरिनची ३.९८ कशी? तिथं उणे चिन्ह का नाही? आणि दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला फरक १.७ च्या वर गेला की बंध आयनिक, खाली राहिला की सहसंयुज, एवढं पाठ केलं तर चालतंय का?’’

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. ह्यातलं ‘ऋण’ आकड्याचं नाही, इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचं आहे. बंधातली इलेक्ट्रॉनांची जोडी अणू आपल्याकडे किती ओढतो, ते ही राशी सांगते. जो जास्त ओढतो तो बंधाचं ऋण टोक होतो. १९३२ साली लायनस पॉलिंगनं ह्या ओढीची मोजपट्टी मांडली. आज वापरात असलेल्या तिच्या आकड्यांत फ्लोरिन सगळ्यात वर आणि सिझियम ०.७९ वर, पार तळाशी. मला विचाराल तर ‘इलेक्ट्रॉन-ओढ’ म्हटलं असतं तर निम्मी पोरं घाबरली नसती. पण आता रुळलेला शब्द कोण बदलतो!

कॉलेजात असताना मी संध्याकाळी चाटी गल्लीत एका कापडदुकानाच्या वह्या लिहायचो. तिथं दोन शब्द पक्के झाले: धनको आणि ऋणको. उधार देणारा धनको, घेणारा ऋणको. सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो आणि धन आयन (म्हणजे प्रभार असलेला अणू) होतो, क्लोरीन घेतो आणि ऋण आयन होतो. देणारा धन, घेणारा ऋण, वहीतल्यासारखंच. अधिक-उण्याला धन-ऋण म्हणायची रीतही जुनीच, ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथात ती आहे. इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ऋण चिन्ह आलं हा मात्र निव्वळ संकेताचा भाग. त्यामुळे जुळलं हा योगायोगच म्हणायचा, पण विसरायला होत नाही.

‘सहसंयुज’ वहीतला नाही, शेतातला. संयुजा, म्हणजे अणूची बंध जोडायची क्षमता, ‘युज्’ धातूवरून आली, आणि बैलांच्या मानेवरचं आपलं जूही त्याच घरचं. दोन बैल एका जुवाखाली, तसे दोन अणू एका इलेक्ट्रॉन-जोडीला. बैल सारखे असले तर जू सरळ राहतं: दोन क्लोरीन, फरक शून्य. एक बैल तगडा असला की जू तिरपं होतं. हायड्रोजन २.२०, क्लोरीन ३.१६, फरक ०.९६. जोडी क्लोरीनकडे सरकलेली, पण जू मोडलेलं नाही. ह्यालाच ध्रुवीय सहसंयुज बंध म्हणतात. सोडिअम (०.९३) आणि क्लोरीनमध्ये फरक २.२३ होतो, तिथं जू राहतच नाही, सरळ देवघेव. हा आयनिक बंध.

आता १.७ कडे. पॉलिंगच्या सूत्रानं ह्या फरकाला बंध साधारण निम्मा आयनिक ठरतो, म्हणून कुणीतरी तिथं रेघ मारली. पण ही शेताच्या बांधासारखी रेघ नव्हे. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८, म्हणजे नियमानं आयनिक. प्रत्यक्षात तो सुटे रेणू असलेला सहसंयुज पदार्थ आहे, १९.५ अंशांना उकळतो. आपल्या सोलापुरात पौषातल्या दुपारीसुद्धा वायूच व्हायचा. उलट सोडिअम हायड्राइडमध्ये फरक फक्त १.२७, तरी तो आयनांचा स्फटिक. म्हणून आकड्याबरोबर धातू कोण, अधातू कोण, पदार्थ वितळल्यावर वीज वाहून नेतो का, हेही बघायचं. बहुपर्यायी प्रश्नाला १.७ पुरतो, समजायला नाही.

जाता जाता एक. तुझ्या चिठ्ठीत पुढं ‘सहसंयोजी आबंध’ असंही लिहिलंयस. ते हिंदी व्हिडिओतलं. मराठीत सहसंयुज बंध.